जाळीवाल्या काकांच्या आठ्या

जाळीवाल्या काकांच्या कपाळावरची तिसरी आठी काढून झाली. ठिपक्या एक पाऊल मागे सरला, मान तिरकी करून त्यानं स्वतःच्याच कलेकडे कौतुकानं पाहिलं, पेनाला टोपण लावलं, आणि तेव्हा कुठे त्याचं लक्ष पेनावरच्या बारीक अक्षरांकडे गेलं. ‘कायमची शाई. काच, पत्रा, लाकूड व प्लास्टिक यांसाठी उत्तम.’ त्या यादीत माणसाचा उल्लेख नव्हता.

मेकअपची काळी पेन्सिल शेजारच्याच मगात उभी होती. तिचं टोपणसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

तोवर काकांच्या तोंडावर एकूण सतरा रेघा झाल्या होत्या. नाकाच्या दोन्ही अंगांनी एकेक, पापण्यांच्या कडा, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारे दोन ठसठशीत कंस, जबड्याची रूपरेषा, डोळ्यांखालच्या पिशव्या आणि वर या तीन आठ्या. काका चित्रातल्यासारखे दिसत होते यात वाद नव्हता.

“झालं का रे?” डोळे मिटून बसलेल्या काकांनी विचारलं.

“झालं, काका,” ठिपक्या म्हणाला. इतकं खरं उत्तर त्यानं आजवर कुणाला दिलं नव्हतं.

“उद्या दहाला मुलाखत आहे माझी. निघेल ना हे?”

“काका, पाणी मारलं की गेलं!”

हे वाक्य तो दुपारपासून चार वेळा म्हणाला होता. पहिल्या तीन वेळा ते खरं होतं.

आता अशा वेळी भला माणूस काय करील? सांगून टाकील, पाया पडेल, पाणी आणायला धावेल. पण ठिपक्या त्या क्षणी भला माणूस नव्हता, दिग्दर्शक होता. गाणं जमा करायला दोनच दिवस उरले होते, कॅमेरा लागला होता, दिवे तापले होते. त्यानं पेन खिशात घातलं आणि म्हणाला, “चला, घेऊया शॉट.”

ठिपक्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कॉलेजात चलच्चित्राचा तीन वर्षांचा कोर्स होता, आणि पहिल्याच वर्षी त्यानं सरांना वीस मिनिटं थांबवून समजावलं होतं की जुन्या कॉमिकमधला गाल गुलाबी नसतोच मुळी, तो नुसत्या लाल ठिपक्यांचा असतो, डोळे आपल्याला फसवतात. त्या दिवसापासून वर्गानं त्याचं बारसं करून टाकलं. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक गाणं चित्रित करून द्यायचं होतं. ठिपक्यानं ठरवलं, आपलं गाणं हुबेहूब कॉमिक दिसलं पाहिजे. चौकटी, जाड काळ्या रेघा, ठिपक्यांचे गाल, हवेत उडणारे ‘धाड्’ आणि ‘सुंईई’.

अडचण एवढीच होती की विभागात असल्या करामती करणारा कॉम्प्युटर एकच. तो एका सेकंदाच्या चित्रावर रेघा काढायला अर्धा दिवस घ्यायचा आणि मधूनच गरम होऊन रुसून बसायचा. गाणं होतं तीन मिनिटं वीस सेकंदांचं. म्हणजे शंभर दिवस. हातात होते नऊ.

“मग कॉम्प्युटरला कशाला त्रास देतोस?” गायिका म्हणाली. “रेघा आपणच काढू की. चित्रावर नको, सरळ वस्तूंवर.”

गायिका म्हणजे त्याच्या वर्गातली मुलगी. गाताना तिचा आवाज मधाळ, आणि एरवी करवतीसारखा. पण कल्पना तिचीच, हे ठिपक्यासुद्धा मान्य करतो, कुणी फारच खोदून विचारलं तर. त्यांनी जगालाच कॉमिक करायचं ठरवलं. भिंतीला पांढरा कागद लावायचा, टेबल-खुर्ची-कपाटाच्या प्रत्येक कडेला काळी चिकटपट्टी मारायची, तोंडावर रेघा ओढायच्या, स्वयंपाकघरातली चाळण गालावर धरून लाल रंगाचे ठिपके मारायचे, आणि पुठ्ठ्याचा ‘धाड्’ काठीला बांधून ऐन वेळी कॅमेऱ्यापुढे नाचवायचा. कॉम्प्युटरनं फक्त तुकडे जोडायचे. ते त्याला झेपण्यासारखं होतं.

गाणं होतं चौकटीत राहणाऱ्या माणसाचं. कॉमिकच्या प्रत्येक पानावर तो त्याच एका चौकटीत असतो आणि त्याला शेजारच्या चौकटीत जायचं असतं, बस्स. त्यासाठी वर्गातला व्यायामशाळेत जाणारा एक दणकट मुलगा ठरला होता. त्याला ऐन दिवशी गालगुंड झालं. “एका बाजूनं तर तो आपोआपच कॉमिक झालाय,” गायिका म्हणाली. पण त्याच्या आईनं त्याला घराबाहेर सोडलं नाही.

दोघं तोंडं पाडून तळघरात दिवे मागायला गेली. सामानाचं भांडार तळघरात होतं. बावीस पायऱ्या उतरून गेलं की जमिनीपासून छतापर्यंत तारेची जाळी, जाळीत बँकेच्या खिडकीएवढी चौकोनी फट, आणि आत काका. कॅमेरे, तिकाटण्या, दिवे, केबली, सगळं त्या फटीतून बाहेर यायचं आणि त्या फटीतूनच आत जायचं. काकांना कुणी जाळीच्या अलीकडे पाहिलंच नव्हतं. त्यांचं पूर्ण नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. कॉलेजात ते जाळीवाले काका.

सतरा वर्षं. सकाळी साडेआठला उतरायचं, संध्याकाळी साडेपाचला चढायचं. थंडीच्या दिवसांत दोन्ही वेळा अंधारच, त्यामुळे सूर्य त्यांना सुट्टीच्या दिवशी भेटायचा, लांबच्या नातेवाइकासारखा. तळघराला खिडकी नव्हती, झरोका नव्हता. एक पंखा होता, तो आतलीच हवा आतल्या आत फिरवायचा. सामान परत करायला आलेल्या पोराला काका आधी विचारायचे, “बाहेर काय आहे?” म्हणजे ऊन की पाऊस. पोरं वात्रट. लख्ख ऊन असताना सांगायची, “काका, गारा पडतायत, टेंगूळ आलं बघा.” काका मान हलवून ऐकून घ्यायचे, मग फटीतून वाकून त्याचे बूट बघायचे आणि म्हणायचे, “चल, केबल दाखव.”

केबल दाखवणं ही परीक्षाच असायची. कोपरावर गुंडाळून आणलेली केबल काका घेत नसत. एक वेढा सरळ, एक उलटा, अशी हातातल्या हातात गुंडाळली तरच ती पुढच्या वेळी बिनगाठीची उलगडते, असं त्यांचं शास्त्र. चुकली की परत सोडायला लावायचे, तिथंच, उभ्या उभ्या, मागे रांग खोळंबली तरी. “ज्याला केबल नीट गुंडाळता येत नाही,” ते म्हणायचे, “त्याला मुलगी देऊ नये.”

त्यांना स्वतःला मुलगी-मुलगा कुणी नव्हतं. काकू एका दवाखान्यात चौथ्या मजल्यावर नावं लिहून घ्यायला बसायच्या, खिडकीशेजारी. रोज चार वाजता त्यांचा फोन यायचा. “अहो, ढग आलेत. समोरच्या गच्चीवरची बाई कपडे काढायला धावतेय. एक चादर उडाली बघा, गेली, गेली…” आणि काका जाळीआड डोळे बारीक करून ऐकायचे, जणू ती चादर त्यांच्याच डोक्यावरून चाललीय.

तिसऱ्या मजल्यावर कॉलेजचं वाचनालय होतं. दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि एका खिडकीत तर झाडाची फांदीच आत आलेली. तिथले सहायक महिनाअखेर निवृत्त होणार होते. काकांनी याआधी दोनदा वाचनालयातली जागा निघाली तेव्हा ती मागितली होती. पहिल्यांदा उत्तर आलं, भांडार तुमच्याशिवाय कुणाला समजत नाही. दुसऱ्यांदा अर्ज वरच्या कुठल्याशा टेबलावर पोचलाच नाही. ही तिसरी खेप. काका त्रेपन्न वर्षांचे होते.

ठिपक्याला यातलं फारसं माहीत नव्हतं. त्या दुपारी त्यानं पाहिलं ते एवढंच, की काका टेबलाशी बसून एका दिव्याची वायर तपासतायत, डोक्यावर एकच बल्ब आहे, आणि जाळीच्या सावल्यांचे चौकोन त्यांच्या तोंडावर पडलेत.

“हीरो शोधत होतास ना?” गायिका हळूच म्हणाली. “तो बघ. सतरा वर्षांपासून तयार होऊन बसलाय.”

काकांना गळी उतरवायला अर्धा तास लागला. आधी ते नाही म्हणाले. मग म्हणाले, मला काही येत नाही. मग म्हणाले, इथं शूटिंगला बंदी आहे. ती होतीच. तीन वर्षांपूर्वी कुणा पोरांनी भांडारात सात दिवे एकदम लावून सगळ्या कॉलेजचा फ्यूज उडवला होता आणि वर परीक्षा अंधारात झाली होती. तेव्हापासून प्राचार्य मॅडमच्या सहीची सूचना जाळीवर लावलेली होती: भांडारात चित्रीकरण केल्यास काम रद्द समजले जाईल.

“काका, दोनच दिवे,” ठिपक्या काकुळतीला आला. “माझं वर्ष जाईल हो.”

“आणि तोंडाला काळं फासणार तुम्ही. माझी उद्या मुलाखत आहे.”

“पाणी मारलं की गेलं!” ही पहिली वेळ.

काकांनी जाळीचं दार आतून उघडलं, आणि ती सूचना दिसू नये म्हणून पहिला पांढरा कागद स्वतःच तिच्यावर चिकटवला.

आणि शूटिंग, ते तर असं झालं की दिवा धरणाऱ्या गायिकेचाही हात स्थिर झाला. ठिपक्यानं सांगितलं, “काका, जाळीला धरा आणि बाहेर बघा.”

“तोंडावर काय आणू?”

“काही नको. रोजचंच.”

काकांनी जाळीत बोटं अडकवली आणि बाहेर पाहिलं. समोर बावीस पायऱ्या होत्या, त्यांच्या टोकाला एक दार, आणि दाराखाली उजेडाची एक बारीक पट्टी. काका त्या पट्टीकडे बघत होते. काळ्या रेघांमुळे सगळ्या गोष्टी शाईनं काढल्यासारख्या दिसत होत्या, फक्त डोळे कुणी काढलेले नव्हते. ‘कट’ म्हणायचं ठिपक्या विसरला. मग गायिकेनं त्याला कोपर मारलं.

सहा वाजता पाण्याची बादली आली.

पाणी मारलं. गेलं नाही. साबण लावला. काकांचे कान स्वच्छ झाले. मग डोक्याला लावायचं तेल, मग गायिकेच्या पर्समधली मलई, मग टूथपेस्ट, मग, ठिपक्याचा हात आपोआपच तिकडे गेला म्हणून, खोडरबर. शेवटी गायिकेनं नेलपॉलिश काढायचं औषध कापसावर घेऊन काकांच्या नाकाला लावलं. नाकावरची रेघ काळ्याची जांभळी झाली आणि थोडी रुंद झाली. बाकी तोंड लालबुंद. आता ते कॉमिक रंगीत झालं होतं.

काकांनी एका दिव्याचा चकचकीत पत्रा पुसून त्यात तोंड पाहिलं.

“पाणी मारलं की गेलं?” ते म्हणाले.

ठिपक्यानं खिशातून पेन काढून त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते लांब धरून वाचलं.

“कधी कळलं तुला?”

“शेवटच्या आठीला.”

“म्हणजे शूटिंगच्या आधी.”

“हो.”

गायिकेनं असा काही दीर्घ श्वास घेतला की त्यात ठिपक्यासाठी तिच्याजवळचे सगळे शब्द होते. तेवढ्यात काकूंचा फोन आला. आज चारला काकांनी उचलला नव्हता. हात तेलकट असल्यानं काकांनी स्पीकर लावला.

“अहो, कुठे आहात? किती वाजले!”

“इथंच आहे. तोंडाला जरा… रेघा लागल्यात.”

“रेघा लागल्यात म्हणजे? आपटलात का?”

“नाही गं. पोरांनी काढल्यात. निघत नाहीत.”

“फोटो पाठवा बघू.”

फोटो पाठवला. फोनमधून काकूंचं हसणं आलं, ते थांबेचना. आपणही हसावं की काय ते ठिपक्याला कळेना. मग हळूहळू ते हसणं विरत गेलं.

“अहो,” काकू म्हणाल्या, “मी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती हो.”

“मग चांगलंच आहे की,” काका म्हणाले. “शर्टाकडे तरी बघतील.”

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले आणि सांडलेल्या केबली गोळा करून गुंडाळू लागले, एक वेढा सरळ, एक उलटा. डोकं वर न करताच म्हणाले, “मी सांगितलं तर बहाणा वाटेल. तू सांगितलंस तर चूक वाटेल. उद्या पावणेदहाला ये मॅडमच्या ऑफिसात. एवढंच सांग, पेन चुकलं. बाकी मी बघतो.”

“पण काका, कुठं शूटिंग केलं ते विचारलं तर?”

“तर सांग.”

“तर माझं काम रद्द होईल. आणि तुम्हीसुद्धा अडचणीत याल, परवानगी दिलीत म्हणून.”

“माझी अडचण मला माहितेय,” काका म्हणाले. “येशील ना?”

“येईन, काका. शप्पथ.”

गायिकेनं पायऱ्या चढताना पुन्हा विचारलं, “जाशील ना रे?” आणि ठिपक्या तिच्यावर चिडला. माणूस चिडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला उत्तर ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी तो साडेनऊलाच कॉलेजात हजर होता. ऑफिस पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावरून त्याला वर ऑफिसाबाहेर काका दिसले. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, भांग पाडलेला, आणि खाली ते तोंड. रात्रीत रेघा थोड्या पुसट झाल्या होत्या, पण त्यामुळे उलट वाईटच झालं होतं. आधी चित्र वाटायचं, आता मळ वाटत होता. जाणारी-येणारी पोरं जिन्यात थबकत होती. काकांना इतक्या उजेडात उभं राहायची सवय नव्हती. ते भिंतीला चिकटून उभे होते, मधे जाळी नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे.

त्यांनी ठिपक्याला पाहिलं नाही. ठिपक्या खालच्याच पायरीवर बसला.

आता वर जायचं म्हणजे दहा पायऱ्या. त्यानं मोजल्या. वर गेलो तर मॅडम विचारणार, कुठं काढल्या रेघा? भांडारात, म्हणायचं. म्हणजे काम रद्द, वर्ष वाया, आणि घरी वडिलांना काय सांगायचं? ‘चित्रं काढून पोट भरतं का,’ असं दर पंधरा दिवसांनी विचारणाऱ्या वडिलांना? न जावं तर काका. त्याला दोन्हीकडे भिंतच दिसत होती. मग माणूस करतो तेच त्यानं केलं, स्वतःला एक काम लावून घेतलं. ‘एडिटिंगच्या खोलीत तुकडे जोडायला लावलेत, अडकलं नाही ना तेवढं बघून येतो. पाच मिनिटं.’

एडिटिंगची खोली गच्चीखाली होती. त्याला दुसऱ्या जिन्यानं जावं लागलं, म्हणजे ऑफिसवरून जावं लागलं नाही.

कॉम्प्युटर मुळीच अडकला नव्हता. अगदी आज्ञाधारकपणे त्यानं गाणं जोडून ठेवलं होतं. ठिपक्यानं ते लावलं. पुठ्ठ्याचा ‘धाड्’ सुरेख उडाला होता. मग काकांचा शॉट आला. काका जाळीत बोटं अडकवून सरळ समोर बघत होते, आणि समोर आता ठिपक्या बसला होता. नऊ बावन्नला त्यानं तो शॉट पुन्हा पाहिला. दहाला पुन्हा. दहा सातला त्याला वाटलं, अजून गेलो तरी चालेल. दहा वीसला वाटलं, आता आत गेलो तर उलट त्रासच होईल. घड्याळ त्याच्या समोरच होतं. त्यानं ते पाहिलं नाही असं त्याला पुढेही कधी स्वतःशी म्हणता आलं नाही. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, पण पावणेअकरापर्यंत त्याला उठताच आलं नाही.

आत काय झालं ते दुपारी मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे ऑफिसातल्या शिपाई. मुलाखतीच्या वेळी पाणी देण्यासाठी आत, आणि पाणी दिल्यावरही आतच.

“तिघं होते समोर,” मावशी म्हणाल्या. “मॅडम, आपले उपप्राचार्य, आणि एक बाहेरचे साहेब, चष्मेवाले. यांना बघितलं अन् साहेबांचा पाण्याचा घोटच अडकला. मॅडम म्हणाल्या, हे काय हो? हे म्हणाले, शाई आहे, चार दिवसांत जाईल. साहेब म्हणाले, कुणी काढली? हे आपले दाराकडे बघतात. मॅडम म्हणाल्या, कुणी येणार आहे का? हे म्हणाले, बघू या पाच मिनिटं.”

“मग?” गायिकेनं विचारलं. ठिपक्यानं विचारलं नाही.

“मग काय, थांबले. साहेब तोवर घड्याळ बघतात, मॅडम कागद चाळतात. पाच मिनिटं म्हणजे काय कमी असतात गं? मी दोनदा पाणी दिलं सगळ्यांना. मग हे म्हणाले, विचारा, काही हरकत नाही. पुस्तकांचं विचारलं, नोंदींचं विचारलं, सगळं फाडफाड सांगितलं हो यांनी! पण त्या चष्मेवाल्यांनी एकदा विचारलं, रेघांचं काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत? तर म्हणतात कसे, ‘ज्याची चूक त्यानं सांगायची असते.’ आता असं बोलतं का कुणी मुलाखतीत?”

चार वाजता फलकावर कागद लागला. वाचनालयाची जागा फी घेण्याच्या खिडकीवरच्या कारकुनाला मिळाली होती. तरुण माणूस, तिशीतला. फीच्या खिडकीलाही चांगला उजेड येत होता, पण त्याला पुस्तकांची आवड होती म्हणे.

ठिपक्या तळघरात गेला नाही. दिवे परत करायला त्यानं गायिकेला पाठवलं. ती परत आली तेव्हा त्यानं विचारलं, “काय म्हणाले?”

“काही नाही. बूट बघितले आणि केबल बघितली.”

“माझ्याबद्दल?”

“तू कोण?” गायिका म्हणाली आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी सगळ्यांची गाणी मोठ्या सभागृहात दाखवली. ठिपक्याचं शेवटून दुसरं. पहिल्या दृश्यापासून पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. ‘धाड्’ला शिट्ट्या पडल्या. आणि जाळीआडचा तो चेहरा पडद्यावर आला तेव्हा आधी कुणीतरी ओरडलं, “अरे, आपले काका!” आणि मग शिट्ट्या थांबल्या. गायिकेचा आवाज तेवढा चालू राहिला.

दिवे लागले. मॅडम पहिल्या रांगेतून उठून सरळ ठिपक्याकडे आल्या.

“हे आपल्या भांडारातलं आहे ना?”

“हो, मॅडम.”

“आणि त्यांच्या तोंडावरच्या त्या रेघा, या कामाच्या होत्या?”

“हो, मॅडम. माझं पेन चुकलं. कायमच्या शाईचं लागलं.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अरे, मग सांगायचं नाही का? किती दिवे लावले होते?”

“दोन.”

“दोन दिव्यांना कोण काय म्हणणार होतं? ती बंदी फ्यूज उडवणाऱ्यांसाठी आहे.” त्या मागे वळून रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे पाहत होत्या. “आम्ही पाच मिनिटं थांबलो होतो त्यांच्यासाठी. त्या बाहेरच्या साहेबांना वाटलं, माणूस मुलाखतीची थट्टा करतोय. मलाही क्षणभर… एक जण येऊन सांगून गेला असता, तर त्यांना नाही म्हणायला कुणाकडे काही कारणच नव्हतं.”

“आता काही करता येईल, मॅडम?”

“आता पत्र गेलं,” मॅडम म्हणाल्या. मग शिक्षिकेच्या सवयीनं, बहुधा त्यांचाही नाइलाज झाला असावा, म्हणाल्या, “गाणं फार सुंदर झालंय.”

लोक त्याची पाठ थोपटत होते. प्रत्येक थापेसरशी ठिपक्या थोडा थोडा पुढे सरकत दाराबाहेर पडला आणि पायऱ्या उतरू लागला. पहिला मजला, तळमजला, मग त्या बावीस. आज त्याच्या हातात परत करायला काहीच नव्हतं.

काका जाळीआड होते. त्यांच्या तोंडावरच्या रेघा आता जवळजवळ गेल्या होत्या. कपाळावरच्या तीन तेवढ्या होत्या, पण त्यांतल्या ठिपक्यानं काढलेल्या कुठल्या आणि मूळच्या कुठल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भिंतीवरचे पांढरे कागद काढून झाले होते. सूचना पुन्हा जाग्यावर होती.

ठिपक्या फटीपाशी उभा राहिला. काकांनी सवयीनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“काका, मी त्या दिवशी आलो होतो,” तो म्हणाला. “जिन्यापर्यंत. मग वर एडिटिंगच्या खोलीत गेलो. मुद्दाम गेलो.”

काकांनी मान हलवली. बाहेर गारा पडतायत असं पोरं सांगायची तेव्हा हलवायचे तशी.

“मॅडम म्हणतात, मी सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं. माझं कामही रद्द झालं नसतं. तुमची जागाही…” जाळीत बोटं अडकवून तो उभा राहिला. “काका, पुढच्या वेळी जागा निघाली ना, की तुम्ही मला फक्त कळवा. मी असेन तिथून येईन. मॅडमसमोर उभा राहून सगळं सांगेन. शप्पथ, काका.”

काकांनी हातातली केबल टेबलावर ठेवली आणि वर न बघता म्हणाले, “पुढची जागा निघेल तेव्हा मी रिटायर झालेलो असेन.”